जाहिरात लागली की आवाज का वाढतो? आवाजाचा मोठेपणा मोजायची रीत

मालिकेत दोघी हळू आवाजात बोलत असतात, म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. तेवढ्यात ब्रेक लागतो, कपड्यांच्या साबणाची जाहिरात अंगावर येते, आतल्या खोलीत झोपलेलं बाळ दचकून उठतं आणि घरातलं कोणीतरी ओरडतं, "अगं, कमी कर तो आवाज!" ही तक्रार ठाण्यातल्या घरांत आहे, तशीच ती जगभर आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर २०२५मध्ये त्यावर कायदा केला. ओटीटीवरच्या जाहिरातींचा आवाज मूळ कार्यक्रमापेक्षा मोठा असता कामा नये, असा तो कायदा आहे आणि १ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. टीव्हीसाठी तर अमेरिकेने २०१० सालीच असा कायदा मंजूर केला आणि डिसेंबर २०१२पासून तो लागू झाला. आपल्याकडेही केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, असं एक वाक्य आहे.

त्या वाक्यात आकडा नाही. 'अवाजवी' म्हणजे किती, हे ठरवायचं तर आधी आवाजाचा मोठेपणा मोजता यायला हवा. ते वाटतं तितकं सोपं नाही, आणि बरीच वर्षं आपण चुकीची गोष्ट मोजत होतो.

मी ठाण्यात पाचपाखाडीला मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळे आवाज जुळवून एकत्र करायचं काम करतो. घोडबंदर रोडला चित्रित झालेल्या मालिकांचे भाग, पॉडकास्ट, दिवाळी पहाटेला गाणाऱ्या मुलामुलींची गाणी असं सगळं येतं. जवळपास प्रत्येकाची एक मागणी ठरलेली असते: "आवाज जरा मोठा करून द्या ना." या मागणीला उत्तर देताना जे दरवेळी समजावून सांगावं लागतं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

डेसिबल, पण कशाच्या तुलनेत?

विसर्जन मिरवणुकीत आवाज शंभर डेसिबलच्या वर गेला, अशी बातमी आपण वाचतो. स्टुडिओत मात्र मीटरवर 'उणे २३', 'उणे १४' असे आकडे दिसतात. दोन्हीकडे डेसिबलच आहे, मग एकीकडे शंभर आणि दुसरीकडे शून्याच्याही खाली कसं?

याचं कारण असं की डेसिबल कधीच एकटा उभा राहत नाही. तो नेहमी कुठल्या तरी ठरवलेल्या पातळीच्या तुलनेत सांगायचा असतो. रस्त्यावरचा आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तिथे शून्य म्हणजे निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल इतका बारीक आवाज, आणि तिथून मोजणी वर जाते. फाइलमधला आवाज म्हणजे निव्वळ आकडे. तिथे शून्य म्हणजे यंत्राला लिहिता येईल तो सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे छत. छताच्या वर जागाच नसल्यामुळे मोजणी खाली जाते आणि सगळे आकडे उणे येतात. छताला धडकलेल्या आवाजाचा माथा कापला जातो आणि तो फाटल्यासारखा ऐकू येतो.

त्यामुळे फाइल उणे १४ची आहे यावरून तुमच्या कानावर किती डेसिबल पडणार, हे सांगता येत नाही. ते तुमच्या फोनचं किंवा टीव्हीचं बटण ठरवतं. फाइलच्या आकड्यावरून इतकंच कळतं की बटण न हलवता एकामागून एक दोन फाइली लावल्या, तर कुठली मोठी वाटेल. आणि जाहिरात व मालिकेचा सगळा वाद नेमका तेवढ्यापुरताच आहे.

पूर्वी काय मोजायचे: पीक

उड्डाणपुलाच्या तोंडाशी आडवी लोखंडी कमान असते, ठराविक उंचीपेक्षा उंच गाडी आत जाऊ नये म्हणून. समजा एका टेम्पोत फक्त एक कपाट उभं करून बांधलं आहे, बाकी हौदा रिकामा. दुसऱ्या टेम्पोत त्याच उंचीपर्यंत काठोकाठ विटा भरल्या आहेत. कमानीखालून दोन्ही जातात. कमानीच्या दृष्टीने दोन्ही गाड्या सारख्याच, कारण तिला फक्त उंची कळते. दोघांतला खरा फरक वजनकाट्यावर गेल्याशिवाय दिसत नाही.

आवाजाच्या बाबतीत ही कमान म्हणजे पीक. आवाजाच्या लाटेचं सगळ्यात उंच टोक छताच्या किती खाली आहे, तो आकडा. डिजिटल काळात चॅनेलकडे पाठवायच्या फाइलसाठी बहुतेक वेळा हीच अट असायची: पीक अमुक पातळीच्या वर जाऊ देऊ नका. जाहिरात बनवणाऱ्यांनी ही अट काटेकोर पाळली आणि आत विटा भरल्या.

विटा भरण्याचं काम कंप्रेसर आणि लिमिटर ही दोन साधनं करतात. दोघंही आवाजातली उंच टोकं दाबतात. टोकं दबली की वर जागा मोकळी होते, आणि मग सगळा आवाज उचलून त्या जागेत बसवता येतो. कुजबुज, बोलणं, हसणं, मागचं संगीत, सगळं एकाच उंचीला येऊन बसतं. पीक जिथे होतं तिथेच राहतं, पण आवाज दुप्पट मोठा वाटतो.

हे माझ्याकडच्या मीटरवर रोज दिसतं. मालिकेच्या एखाद्या भागात कोणीतरी दार आपटतं, भांडं पडतं, तेवढ्यापुरता पीकचा काटा उणे ३पर्यंत उडी मारतो आणि लगेच खाली येतो. बाकी वेळ संवाद त्याच्या कितीतरी खाली असतात. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत तो काटा उणे ३ला चिकटतो आणि शेवटपर्यंत तिथून हलत नाही. पीक दोघांचं एकच. पण पुढे सांगणार आहे त्या नव्या मापाने मालिकेचा भाग उणे २३ भरतो आणि अशी दाबून भरलेली जाहिरात सहज उणे १०पर्यंत जाते. साधारण दहा डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो, असा ढोबळ हिशेब आहे. इथे फरक तेराचा आहे.

वजनकाटा कसा तयार झाला

कान टोकं मोजत नाही, तो काही काळ साठवत राहतो आणि त्यावरून मोठेपणा ठरवतो. हे रेडिओवाल्यांना फार आधीपासून माहीत होतं. १९३९ साली अमेरिकेत बेल लॅब्ज आणि दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलेला व्हीयू मीटर मुद्दाम मंद ठेवला होता. आवाज आल्यावर त्याचा काटा जागेवर पोचायला ३०० मिलिसेकंद घेतो. जुन्या टेपरेकॉर्डरवर पिवळ्या उजेडात हलणारा काटा आठवतो ना, तो याच जातीचा. पण नुसत्या मंदपणाने काम भागत नाही, कारण कानाला सगळे स्वर सारखे ऐकू येत नाहीत. बेल लॅब्जच्याच फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ या पट्ट्यात, म्हणजे बाळाचं रडणं, शिट्टी, बोलण्यातले 'स', 'च' जिथे येतात तिथे, कान सगळ्यात तिखट असतो. खर्जातल्या आवाजाला तो बराच बोथट असतो.

या सगळ्याचा एकत्र विचार करून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, २००६ साली मोजणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचं नाव बीएस १७७०. तिचं एकक एलयूएफएस, बोलताना आम्ही 'लफ्स' म्हणतो. अमेरिकेत त्यालाच एलकेएफएस म्हणतात, माप एकच. एका लफ्सचा फरक म्हणजे एका डेसिबलचा फरक.

ही पद्धत चालते कशी, ते पाहण्यासारखं आहे.

आधी आवाज एका चाळणीतून जातो. ही चाळणी अगदी खालचे स्वर कापते आणि साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरचे चार डेसिबलने उचलते. ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या आकारामुळे वरचे स्वर कानापाशी जरा वाढतात, त्याची ही नक्कल आहे. मग सगळ्या आवाजाचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. तुकडे एकमेकांवर तीन चतुर्थांश चढवलेले असतात, म्हणजे मधला कुठलाही क्षण निसटत नाही. प्रत्येक तुकड्यात किती ऊर्जा आहे, ते मोजायचं आणि शेवटी सरासरी काढायची.

पण इथे एक पळवाट उरते. समजा मी जाहिरातीत वीस सेकंद शांतता ठेवली आणि उरलेल्या दहा सेकंदांत किंचाळलो, तर सरासरी खाली येईल आणि मी नियमात बसेन. म्हणून २०११च्या सुधारणेत गाळणी आली. उणे ७०पेक्षा हळू तुकडे आधी बाजूला काढायचे. उरलेल्यांची सरासरी काढायची आणि त्या सरासरीपेक्षा दहाने कमी असलेले तुकडेही वगळायचे. मग जे उरतं, त्याची सरासरी हा खरा आकडा. शांतता मोजणीत धरलीच जात नाही, त्यामुळे तिच्या आडून लबाडी करता येत नाही. मला हा या पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

मीटरवर तीन आकडे एका वेळी दिसतात: आत्ताच्या ४०० मिलिसेकंदांचा, गेल्या तीन सेकंदांचा आणि सुरुवातीपासून आत्तापर्यंतचा, म्हणजे संपूर्णचा. मिक्सिंग करताना नजर तीन सेकंदांच्या आकड्यावर असते, फाइल पाठवताना संपूर्णवर.

युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने २०१०मध्ये आर १२८ या नियमावलीत कार्यक्रम असो की जाहिरात, सगळ्यांसाठी उणे २३ हे एकच लक्ष्य ठरवलं. अमेरिकेत ते उणे २४ आहे. पीकची कमानही काढून टाकलेली नाही, आर १२८मध्ये ती उणे १वर आहे. पण मोठेपणाचा निवाडा आता वजनकाटा करतो.

मग नियम पाळूनही जाहिरात का दचकवते?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्यात मापनाचा दोष नाही. उणे २३ हे संपूर्ण भागाचं माप आहे. त्यात भांडणाचा प्रसंग उणे १८ला असेल आणि ब्रेकच्या आधीचा कुजबुजीचा प्रसंग उणे ३२ला. जाहिरात मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उणे २३. कुजबुजीनंतर ती नऊने वर उडी मारते, आणि आपण तर कुजबुज ऐकायला बटण आधीच वाढवलेलं असतं. म्हणून युरोपात छोट्या जाहिरातींसाठी आणखी एक अट जोडली आहे: तीन सेकंदांचा आकडा उणे १८च्या वर जायचा नाही. उडी त्यामुळे थांबत नाही, पण जाहिरातीतला एखादा क्षण फार उसळत नाही.

माझं मत विचाराल तर मालिकांनीही थोडी जबाबदारी घ्यायला हवी. ब्रेकच्या आधी संवाद इतके खाली आणि त्यावर धडाम्‌ करून पार्श्वसंगीत, ही सवय प्रेक्षकाला सतत रिमोट हातात धरायला लावते.

"मोठा आवाज म्हणजे भारी आवाज, नाही का?"

हे गाणी करणारे विचारतात आणि त्यांचं निरीक्षण खरं आहे. एकच गाणं दोनदा ऐकवलं आणि दुसऱ्यांदा एक डेसिबलने वाढवलं, तर लोक म्हणतात दुसरं मिक्स जास्त चांगलं. सीडीच्या काळात याच मोहापायी गाणी वर्षागणिक मोठी होत गेली. प्रत्येकाला मागच्या गाण्यापेक्षा आपलं जड करायचं होतं.

आता ती शर्यत जिंकून काहीच मिळत नाही, कारण ऐकवणारी सेवाच गाणं वजनकाट्यावर ठेवते. स्पॉटिफाय मूळ सेटिंगला गाणी उणे १४वर आणून वाजवतं, ॲपल म्युझिकच्या साउंड चेकचं लक्ष्य उणे १६ आहे, आणि यूट्यूब साधारण उणे १४च्या वरचं गाणं खाली ओढतं.

याचा परिणाम ढोलकीवर पाहा. एकाने लावणी दाबून उणे ८ला नेली. ढोलकीची थाप आणि गाण्याची ओळ एकाच उंचीला आली, दोन्ही छताला टेकलेली. स्पॉटिफायने सगळं सहाने खाली आणलं. आता थापेचं टोकही छताच्या सहा डेसिबल खाली गेलं. दुसरीने तीच लावणी उणे १४ला ठेवली, थापेला वर उणे १पर्यंत उडायला जागा सोडली. तिचं गाणं जसंच्या तसं वाजलं. ऐकणाऱ्याला दोन्ही गाणी सारखीच मोठी वाटतात, पण दुसरीची थाप पाच डेसिबल उंच उडते आणि थेट छातीत लागते. पहिल्याने थापेचा जीव घालवला आणि बदल्यात काहीच मिळवलं नाही.

हे तुम्हाला स्वतःला पाहता येईल. संगणकावर यूट्यूबचा कुठलाही व्हिडिओ लावा, त्यावर उजवं क्लिक करा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. एक काळी चौकट उघडते, त्यात आवाजाची ओळ असते. तिथे समजा ६४ टक्के आणि शेजारी कंटेंट लाउडनेस ३.९ डीबी असं दिसलं, तर ते गाणं यूट्यूबच्या पातळीपेक्षा ३.९ने मोठं आहे आणि यूट्यूबने ते तेवढंच खाली ओढलं आहे. आकडा उणे असेल तर गाणं हळू आहे, आणि यूट्यूब ते वर उचलत नाही. म्हणून फार हळू फाइल चढवणंही बरोबर नाही. पॉडकास्टवाल्यांचा आवाज मला बरेचदा उणे २५च्या आसपास मिळतो, आणि लोकलमध्ये ते ऐकूच येत नाही.

ओटीटीवर संवाद ऐकू का येत नाहीत?

तिथे काटा वेगळ्या जागी लावलेला असतो. नेटफ्लिक्सचं लक्ष्य उणे २७ आहे, पण ते फक्त संवादांचं माप आहे. स्फोट, पाठलाग, संगीत त्याच्यावर कितीही उसळू शकतं, फक्त पीक उणे २च्या खाली हवं. मोठ्या खोलीत चांगल्या स्पीकरवर ही मोकळीक अप्रतिम लागते. वन बीएचकेमध्ये, रात्री अकराला, भिंतीकडे तोंड केलेल्या टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ती छळते. त्यावर साधा उपाय आहे: ॲपमध्ये ऑडिओ ५.१ (सहा स्पीकरसाठी वेगवेगळ्या वाटांनी येणारा आवाज) ऐवजी स्टीरिओ निवडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर चालू करा. स्टीरिओ निवडल्यावर संवादासाठीची वेगळी वाट टीव्हीला स्वतः मिसळावी लागत नाही, आणि फरक लगेच कळतो.

आणि रस्त्यावरचा डीजे?

लफ्सने तो मोजता येत नाही, कारण तो हवेतला आवाज आहे. तिथे ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम लागतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. ठाण्यातल्याच एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर आदेश दिले आहेत.

इथे एक बाब फारशी बोलली जात नाही. या मर्यादा 'ए' चाळणीतून मोजायच्या असतात आणि ती चाळणी खर्ज फार जोरात कापते. ६३ हर्ट्झचा ठोका, म्हणजे डीजेचा बेस, तिथे २६ डेसिबलने कमी धरला जातो. 'सी' नावाची दुसरी चाळणी त्याच ठोक्याचा एक डेसिबलही कापत नाही. खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं, आणि ए-मापातला आकडा त्या मानाने बेताचा दिसतो, तो यामुळे. मिरवणुकांच्या मोजणीत दोन्ही आकडे नोंदवले गेले, तर रहिवाशांच्या त्रासाचं खरं चित्र कागदावर येईल, असं मला मनापासून वाटतं. फोनमधलं डेसिबल ॲप या कामाला पुरत नाही. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला आणि बेसला तो भलतेच आकडे देतो.

घरी मोजायचं असेल तर

तुम्ही पॉडकास्ट करत असाल, सोसायटीच्या गणपतीचा व्हिडिओ जोडत असाल किंवा स्वतःचं गाणं चढवणार असाल, तर पैसे खर्च करायची गरज नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात लाउडनेस नॉर्मलायझेशन नावाचा पर्याय आहे. मीटर हवा असेल तर यूलीनच्या लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती पुरते. बोलण्याला उणे १६, गाण्याला उणे १४ आणि पीकला उणे १, एवढं धरून चाला. आधी संपूर्ण फाइल एका दमात मीटरमधून जाऊ द्या, मधूनच सुरू केली तर संपूर्णचा आकडा चुकतो. दोन मिक्सची तुलना करायची असेल, तर दोन्ही आधी एकाच लफ्सवर आणा आणि मगच ऐका. घाईत बरेच जण ही पायरी गाळतात आणि मोठं असलेलं मिक्स चांगलं म्हणून निवडतात.